उसनं पातेलं

येळवशीच्या आदल्या रात्री
पावणेदोनला नळ आले.
आठ दिवसांनी येणारं पाणी
कुणाच्या खिरीसाठी थांबत नसतं.
मी गॅस बारीक केला
(केला, असं मला अजूनही वाटतं)
आणि घागर, ड्रम, दोन कॅन, आंघोळीचा टब,
शेवटी कुकरचं भांडंसुद्धा भरून घेतलं.
वर आले तोवर गव्हाच्या खिरीनं
बूड धरलं होतं.

वरची वर काढून घेतली. धुरकट लागत होती,
पण शेतात, आंबिलीच्या घोटाआधी,
कुणी नावं ठेवत नाही.
खालची राहिली. काळी, गुळानं चिवट,
औसा मोडावरच्या उखडलेल्या डांबरासारखी.
आणि पातेलं आपलं नव्हतं.
अनीसाभाभीचं. जर्मलचं.
आठ शेर दूध मावेल एवढं.

गल्लीला सांगावं लागलं नाही, वास पुरला.
पद्मिनबाई भिंतीवरून म्हणाल्या,
सोडा नको गं टाकू, जर्मल काळं पडतं, चिंच उकळ.
मुक्ताबाईच्या सुनेनं
पिशवीभर कांद्याची टरफलं आणून दिली.
दूधवाल्याचं म्हणणं आंबट ताक, रात्रभर.
नवऱ्यानं तारेची घासणी पुढं केली
आणि पेपर उघडला.

सगळ्यांच्या औषधात एक गोष्ट सारखी:
चार बोटं पाणी घाल,
खळखळ उकळ,
फेकून दे.

फेकून दे!
ते पाणी मी मध्यरात्री
अठ्ठावीस पायऱ्या चढवलंय.

म्हणून एकाच पाण्यात सगळं.
सकाळी चिंच, दुपारी त्यातच टरफलं,
गार झालं की गाळून डब्यात, उद्यासाठी.
राखेला चूल आता कुणाकडं आहे?
इस्त्रीवाल्या नागनाथनं कोळशाची राख दिली,
अंगाऱ्यासारखी पुडी बांधून.
जाडं मीठ, नारळाची शेंडी,
आणि माझे दोन हात, जे शाळेत
फळ्यावर खडू धरायचे आहेत.

दुसऱ्या दिवशी पोपडे सुटले.
नखानं एक उचकटला की शेजारचा हलायचा,
मग तासभर काहीच नाही.
पोरांच्या वह्या तपासताना
हाताला चिंचेचा वास यायचा
आणि बोटांच्या रेषा काळ्या,
कुणी जमिनीच्या उताऱ्यावर अंगठा घेतल्यागत.

तिसऱ्या दिवशी सगळं गेलं,
बुडाला एक डाग सोडून.
तळहाताएवढा, तांबूस, कडेला फाटलेला.
माझाच समजून घासला.
लिंबाची वापरलेली सालं, मीठ,
पुन्हा सालं, उन्हात पालथं,
पुन्हा राख.
संध्याकाळी तोही गेला.
पातेल्यात मला माझं नाक दिसलं.

उसनं भांडं रिकामं देऊ नये,
म्हणून हरभऱ्याचे ढाळे घातले, वर चार बोरं.
अनीसाभाभीनं ढाळे सुपात काढले,
पातेलं उजेडाकडं कलतं केलं,
बोटानं वाजवलं.
"ये हमारा नइं."

भाभी, तुमचंच आहे.

"आमच्याला डाग होता. इथं."
ओल्या बोटानं तिनं जागा दाखवली,
फाटक्या कडेसकट.
"फरजानाच्या वक्ताला. ईदीची सकाळ,
शीरखुर्मा चुलीवर, अन् कळा सुरू झाल्या.
कोण हलवणार?
सगळे माझ्याकडंच पळाले."

मी काहीतरी बोलले असेन.
बोरं, येळवस, यंदा आंबिल जरा आंबटच,
असलं काहीतरी.
ती पातेल्यात बघत राहिली.
आतून तिच्याकडं
कुणीतरी नवीनच बाई बघत होती.

मग पदरानं बूड पुसत विचारलं,
"लिंबाची सालं ताजी का वाळलेली?"
वापरलेली, मी म्हणाले. फ्रिजमधली. सात-आठ.

"तवा देते," ती म्हणाली, "लई काळा झालाय."
आत जाता जाता दारात थांबली.
"कढई नाही देणार पण."