डोळ्यांना कुणी हळद लावत नाही

आईच्या पाठीवर आठ बाटल्या,
वेताच्या टोपलीत दाटीवाटीनं उभ्या,
तोंडाला केळीच्या पानाची गुंडाळी.
पहाटे चारला ती कुनिर वाटायला बसे.
कुनिर म्हणजे हळद, आमच्या जाव्हात.
ओली, बोटभर लांब,
तीनदा धुतली तरी मातीचा वास न सोडणारी.
त्यात चिंच, ताडाचा गूळ, चिमूटभर मीठ
आणि तिचं ते पुटपुटणं,
जे मी कधी नीट ऐकलं नाही.

सोलोच्या गल्ल्यांत तिला ओळखत
ते चेहऱ्यावरून नाही,
ग्लास पुढे करणाऱ्या हातावरून.
तळवे पिवळे, नखं त्याहून पिवळी,
हातावरच्या रेघा तर कुणी शाईनं काढाव्यात तशा.

सायकलरिक्षावाला सार्मिदी गुडघ्यासाठी प्यायचा.
बाटिकच्या कारखान्यातल्या पोरी
महिन्याच्या त्या दिवसांत, पोट दाबून, उभ्याउभ्या.
लग्नघरात तिला आधी बोलावत,
तांदूळ-हळदीचा लेप नवरीला तीच चोळायची,
आणि घरी येताना पिवळ्या भाताचा द्रोण.
गुळवेलीचं कडू आधी, मग हळद,
शेवटी आल्याचा गोड घोट, फुकट.
"कडू तोंडानं कुणाला घरी धाडू नये."

यानं खरंच बरं वाटतं का, असं कुणी विचारलंच
तर म्हणायची,
पी हळद नि हो गोरी, असलं माझ्याकडे नाही.
महिनाभर ये. मग तूच सांग.

मी औषधांच्या दुकानात लागले.
तिथे हीच हळद साठ कॅप्सूलांत,
किंमत आईच्या नऊ दिवसांची.
मिरीचा अर्क घातलाय, म्हटलं,
त्याशिवाय अंगी लागत नाही म्हणे.
ती पाट्यावरून वर न बघता म्हणाली,
"मग हे काळे दाणे काय उंदरासाठी टाकते?"

त्या वर्षी तिला खाज सुटली.
उकाडा, म्हटलं आम्ही. हळद लावली.
भात नकोसा झाला. हळद प्यायली.
कावीळ झालेल्याला म्हणे जग पिवळं दिसतं.
आमच्याकडे उलटं:
जगाला ती आधीच पिवळी,
बारा महिने हळद लागलेल्या नवरीसारखी.
पिवळ्याआड पिवळं लपलं
आणि मी, पांढऱ्या कोटातली,
रोज तिच्याच हातचा ग्लास घेत होते.

बुकिटिंगीकडची ती तरुण डॉक्टरीण,
हास्नावाती,
तिनं हात पाहिलेच नाहीत.
अंगठ्यानं पापणी खाली ओढली.
आई म्हणाली, बाई, धंद्याचा रंग आहे, जात नाही.
"डोळ्यांना कुणी हळद लावत नाही, इबू."

पित्ताचा खडा, नळीत अडकलेला.
हळद बंद, डॉक्टरीण म्हणाली,
वाट तुंबलेली असताना पित्ताला ढोसायचं नसतं.
आई भिंतीकडे तोंड करून झोपली.
चाळीस वर्षं जिला उरापाठीवर वाहिलं
तिच्याविरुद्ध साक्ष ऐकावी तशी.
टाके पडल्यावर मात्र
नर्सला हळूच विचारलंन,
"थोडी वरून लावली तर?"
नर्स ओरडली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसली.

नवव्या दिवशी डोळे पांढरे झाले,
आधी कडांनी, मग सगळे.
मी त्यात इतकं बघत राहिले
की ती म्हणाली, काय गं, कुसळ गेलंय का?

तळवे तसेच.
ते धुवायला मी लिंबू घेतलं होतं,
परत पिशवीत ठेवलं.

आता पहाटे चारला मी वाटते,
दुकान आठला उघडतं.
आई दारात बसून बाटल्या मोजते,
ज्याचे डोळे पिवळे वाटतील
त्याला आधी दवाखान्यात धाड, म्हणते,
घोट नंतर.
सार्मिदी पहिला ग्लास संपवतो, ओठ पुसतो.
"चिंच कमी पडलीय."
आईला ऐकू जातं.
काही बोलत नाही,
माझा हात ओढून घेते, उलटा करते,
नखं बघते.