सुटं मीठ

तांब्यांनी कागदाच्या मधोमध रेघ मारली,
डावीकडे लिहिलं अकोला, उजवीकडे विक्रोळी,
आणि पेन माझ्या हातात दिलं.
जूनमध्ये मी निवृत्त. चौतीस वर्षं
दुसऱ्यांची बाळं या शहराच्या हवाली केली,
आता म्हणे आपण कुठं राहायचं ते ठरवू.

गंमत अशी, की अकोला हवंय त्यांना.
कन्नमवार नगरात जन्मलेला माणूस,
चार दिवाळ्या आणि एका लग्नापुरता तिकडं गेलेला,
गच्चीवर झोपलेला, म्हणतो
आकाश केवढं असतं गं तिकडं!
असतं.
मे महिन्यात बारा ते पाच
ते आकाश दाराला कान लावून बसतं
आणि आपण आत, वाळ्याच्या ताट्यांमागे,
ओला पंचा डोक्यावर घेऊन.
कुणी मोठ्यानं बोलत नाही.
हे दिवाळीत दिसत नाही.

पंजाब फोनवर म्हणतो,
"काहून वं बाई, काय ठेवलं हाय त्या खोक्यात?
कौलखेडले प्लॉट हाय, हीर हाय, लिंब हाय."
मी विचारते, नळ?
"येते नं. पाचव्या दिवशी."
मग हसतो. मग मीही.
इथं रोज येतो, पहाटे चार दहाला, पंचवीस मिनिटं,
आणि बावीस वर्षं मी त्या आवाजाच्या आधी जागी होते.
हे कोणत्या रकान्यात घालू?

डावीकडे लिहिलं: ओळखीचे लोक.
लगेच खोडलं.
गल्लीच्या तोंडाशी बसलेली बाई
विचारणार पेन्शन किती बसली, पोरीचं कुठं जमलं,
आणि माझ्या टाचांना आता भेगा कशा नाहीत.
पण आई गेली तेव्हा
याच बाईनं तेरा दिवस आमची चूल पेटू दिली नाही.
परत लिहिलं.

दमयंतीबेनकडे आमच्या घराची किल्ली
या इमारतीत आलो तेव्हापासून.
पगार सोडाच, माझं माहेर कुठलं
हेही तिनं कधी विचारलं नाही.
मला कावीळ झाली तेव्हा दाराशी उसाचा रस,
रोज, झाकण लावलेला. बेल वाजवायची नाही.
बरी झाल्यावर बाटल्या तेवढ्या परत मागितल्या.

मग घामाचं.
तिकडं घाम येतो आणि उडून जातो,
घाईतल्या पाहुण्यासारखा, चहाही न घेता.
इकडं येतो आणि राहतो.
तांबे म्हणाले, हे लिही. लिहिलं.
म्हणाले, खाडीचा वासही.
तो नाही लिहिला.
भरती की ओहोटी, मी आता खिडकी न उघडता सांगते,
असली विद्या घेऊन अकोल्यात काय करू?

गेल्या महिन्यात आठ दिवस राहून आलो, नुसतं बघायला.
वहिनीच्या ओट्यावर मिठाची बरणी,
तिरपी केली तर मीठ वाळूसारखं धावलं.
इथं मी बरणीत तांदळाचे दाणे टाकते,
तरी गोळा होतोच, चमच्याच्या टोकानं फोडावा लागतो.
"आमच्या इथलं मीठ पाय कसं सुटंसुटं," वहिनी म्हणाली.
मी कोपऱ्यातलं पोतं उलटून पाहिलं.
शिक्का भांडुपचा.
आमच्या गच्चीवरून दिसतात ती मिठागरं.

हे तांब्यांना सांगितलं नाही.
कागद फ्रिजवर आहे, चुंबकाखाली,
खालचा कोपरा दमट होऊन वळलेला.

परवा पंजाबनं विचारलं, "मंग?"
मी म्हटलं, आज तिकडं किती?
"चव्वेचाळीस. पण सावलीत बरं वाटते वं."
इथं तेहतीस, म्हटलं, आणि सावलीतही तेहतीसच.
थोडा वेळ दोघंही गप्प.
"रांजण भरून ठेवू काय?"
भर, म्हटलं.
किती दिवसांचं, ते नंतर सांगते.