तोरूची चाल

आत-बाशी म्हणजे घोड्याचं डोकं.
आमच्या गावाचं नावच ते. आणि गावात
डोकं फक्त घोड्यांनाच आहे, असं माझी बायको म्हणायची.

तोरू घेतला तेव्हा चार वर्षांचा होता.
कुमैत. छाती दाराएवढी.
मी छातीकडे पाहिलं, डोळ्यांकडे नाही.
नऊ मेंढ्या दिल्या, शिलाई मशीन दिलं, वर रोकड.
मनात म्हटलं, हा कोक-बोरूचा घोडा.
ज्या मैदानात माझा खांदा मोडला
त्याच मैदानात हा माझं नाव काढेल.

कोक-बोरूत मातीत पडलेला असतो
मुंडकं नसलेला बोकड,
आणि त्याच्यावर घोड्यांची दाटी, छातीला छाती.
तोरू कडेला उभा राहिला.
चाबूक ओढला तर दोन पावलं मागे सरला,
आणि ज्याला धडक द्यायची
त्या घोड्याच्या मानेचा वास घेऊ लागला.
झुमाबाय इतका हसला
की त्याची टोपी खुरांखाली गेली.

मग लांबची शर्यत.
अर्ध्या वाटेत ओढा लागला, हा थांबला,
पाणी प्यायला लागला.
माझा भाचा वर बसून रडत होता.
तोरूचं पिऊन झालं नव्हतं.

मग म्हटलं, धावत्या घोड्यावरून
जमिनीवरचं नाणं उचलायचा खेळ.
मी रिकिबीत पाय अडकवून खाली झुकलो
की हा जागच्या जागी थबकायचा.
त्याला वाटायचं, म्हातारा पडला.

एवढं झाल्यावर माणूस काय करतो?
बाजार धरतो.
रविवारी विकायचा ठरला.

शनिवारी बुरुल त्याला घेऊन
वरच्या वस्तीवर मावशीकडे गेली, अंडी आणायला.
वाट सगळी दगडगोट्यांची. दिवेलागणीला परत.
मी टोपली मोजली. मी सगळंच मोजतो,
सवय आहे. तीस.
एकालाही तडा नाही.

"चालत आलीस?"
"नाही. पळवत."
"खोटं."
ती काही बोलली नाही, पुन्हा वर बसली.
मी अंगणात पालथा झोपलो, गाल मातीला लावून,
आणि पाय पाहिले.

डावा पुढचा, डावा मागचा, एकदम.
उजवा पुढचा, उजवा मागचा, एकदम.
रवाल!
आम्ही जोर्गो म्हणतो.
पाठ हलत नव्हती. बुरुलची वेणीसुद्धा
फार हलत नव्हती.

ही चाल शिकवायला लोक
शिंगरांच्या पायांना दोऱ्या बांधतात, वर्ष वर्ष.
याच्या हाडातच होती.
आणि मला ती दिसली नव्हती असं नाही.
दर सकाळी तो त्या चालीत यायचा,
दर सकाळी मी लगाम हिसकून
त्याला दुडकीवर आणायचो.
चूक समजून.
सहा महिने मी त्याची चूक दुरुस्त केली.

रविवारी बाजारात गेलो ते मीठ आणायला.

शरदात जोर्गोची शर्यत झाली.
बुरुल पाचवी आली. पाचव्याला काही देत नाहीत.
तरी एक म्हातारी गर्दीतून पुढे आली,
तोरूच्या खुरांना हात लावून गेली.
कोण होती, विचारायचं राहिलं.

मी चौदा वर्षांचा असताना माझ्या बापानं
मला पहिल्यांदा त्या बोकडावर घातलं.
त्यानंही छातीच पाहिली असणार.
माझे आकडे पाठ असायचे, अख्ख्या कळपाचे,
कुणाची मेंढी किती व्यायली, सगळे.
दुकान बरं चाललं असतं माझं.
जाऊ दे.

काल बुरुल खोगिरावरून उतरली,
लगाम माझ्या हातात दिला.
"बसा ना, आबा."
बसलो. तोरूनं मान वळवून
एकदा पाहिलं, हा पडणार की नाही,
मग निघाला त्याच्या त्याच्या चालीनं
पॉप्लरच्या रांगेपाशून, कालव्यापाशून, पुढे.
दर दुडकीला ठणकणारा खांदा
कधी ठणकेल याची मी वाट पाहत होतो.
झाडं मोजत होतो.
चाळीस झाली. खांदा गप्पच.