टोपी

सहा वर्षं मी फक्त टोपी फिरवली
मेकनेसच्या चौकात, बा अल्लालच्या कोंडाळ्यात.
गोष्ट माझ्या पाठीमागे चालायची,
माझ्यासमोर नुसते चेहरे.
खाटकाचा हात खिशापाशी जाऊन थबकला
की कळायचं, राजकन्या विहिरीत उतरतेय.
गोगलगायींचा रस्सा विकणारी इज्जा
डाव हवेतच धरून उभी राहिली
की समजावं, जिन खोटं बोलतोय.

थांबायचं कुठे, तेवढं मात्र त्यानं कधी शिकवलं नाही.

मग ऐन बाजाराच्या दिवशी त्याचा घसा बसला.
त्यानं काठी माझ्या हातात दिली
आणि टोपी स्वतः उचलली.

बोललो मी.
आधी भराभर, पाढे म्हटल्यासारखं.
मग इज्जाचा डाव थांबलेला दिसला
आणि जीभ आपसूक सावकाश झाली.
विहीर, जिन, अंगठी, सावत्र भावाचं कपट,
शेवटी लग्न,
सगळं सांगून मोकळा झालो.
लोक हसले. एका म्हाताऱ्यानं पाठ थोपटली.
दिवेलागणीला सगळे पांगले.

टोपीत एक दिरहम, एक संत्रं
आणि कुणाच्या तरी कोटाचं बटण.

बा अल्लाल ते बटण कंदिलापाशी धरून
बराच वेळ बघत राहिला.
मग त्या बसक्या आवाजात म्हणाला,
"लग्न लावलंस, इद्दर? आजच?"

संत्रं आम्ही अर्धं अर्धं खाल्लं.

रात्रभर मी त्या राजकन्येला
पुन्हा विहिरीत उतरवत होतो,
एकेक पायरी,
खाटकाचा हात खिशात जाईपर्यंत.