तपकिरी

गोरेगाव पूर्वेला, फरसाणाच्या दुकानावर
आमचा जर्मनचा वर्ग. सात ते साडेआठ.
नऊ जणी, सगळ्या नर्स.
तिकडच्या इस्पितळांना माणसं हवी आहेत.

फळ्यावर लिहिलं: डेअर बेअर. अस्वल.
आणि घड्याळात वेळ होता म्हणून वाहवत गेलो.
अस्वल नव्हे हो, नुसतं 'तपकिरी',
असं जाणकार म्हणतात.
डच लोकांचंही तेच, स्वीडनच्या ब्यर्नचंही तेच,
सगळे त्याच्या रंगालाच हाक मारतात.
खरं नाव होतं,
आपल्या ऋक्षाचं सख्खं भावंड.
पण रानातल्या माणसांना वाटायचं,
नाव घेतलं की तो येतो.
नाही घेतलं, नाही घेतलं,
आणि एका पिढीला ते आठवेनासंच झालं.

आता काय, पोरांची नावं ब्यर्न ठेवतात,
पोटात कावळे ओरडले
की तिकडे म्हणतात, अस्वलाची भूक लागलीय.

वर्ग हसला. दिवसपाळी उरकून आलेल्या जेसिंतानं
लगेच वाक्य करून दाखवलं.
भूक खरीच होती.

पारू भुरकुड हसली नाही.
ती आरेतल्या पाड्यावरून येते.
साडेआठला तिचा मामा खाली उभा असतो,
मोटरसायकलचा दिवा चालूच ठेवून.
म्हणाली, सर, सांजचं कशाला नाव काढता?
म्हटलं, अगं, इथं कुठलं अस्वल!
ती म्हणाली,
अस्वलाचं नाही म्हणत मी.

गृहपाठ: माझं कुटुंब. दहा वाक्यं.
आई, मामा, दोन शेळ्या, नळ लांब आहे.
मग सातवं:
माझा भाऊ सहा वर्षांचा होता.
आठवं:
डेअर गेफ्लेक्टे त्याला घेऊन गेला.

गेफ्लेक्टे. ठिपक्यांचा.

शब्दकोशात लेओपार्ड आहे.
मीच शिकवला होता, मागच्या महिन्यात,
प्राणिसंग्रहालयाच्या धड्यात,
तिकिटाची किंमत विचारायच्या आधी.
तिच्या वहीत तो आहेही, त्या तारखेला,
पेन्सिलीनं, अगदी फिका.

लाल पेन उघडून बराच वेळ बसलो.
लिंग बरोबर. विभक्ती बरोबर.
क्रियापद वाक्याच्या शेवटी, जिथं हवं तिथं.
कित्येक शतकांनी त्या भाषेत
कुणीतरी पुन्हा भ्यालं होतं,
एकही चूक न करता.

दहापैकी नऊ दिले.
दहा मी कुणालाच देत नाही.