उसना रवंथ

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी
लुमाण्णाच्या म्हशीनं बुट्टीभर उरलेला भात खाल्ला
आणि रवंथ थांबवला.
पोट तट्ट. डोळे कुठंच नाहीत.
मी डाव्या कुशीला कान लावला.
एरवी तिथं ओढ्यात दगड सरकतात,
आज नुसती भिंत.

डॉक्टर रजेवर धारवाडला. गर्लगुंजीच्या दवाखान्यात
मी कंपाउंडर, एकवीस वर्षं.
‘सोडा पाजलाय,’ म्हटलं, ‘पण आतली वस्ती मेली असणार.’
‘कसली वस्ती?’
आता त्याला काय सांगू.

बेळगावात ट्रेनिंगला एकदा
काचेवर दाखवली होती मला ती बुरशी:
कडब्याच्या तुकड्यात मुळं घुसवून बसलेली,
पिंपळ जोत्यात घुसतो तशी.
चिरे हलवते, मग बाकीच्यांना वाट.
तिचं बी शेपटी हलवत पोहतं
काळोखात, धाटाची चीर हुंगत.
पोहतं म्हणून कित्येक वर्षं
शिकलेली माणसं त्याला किडाच समजत होती.
वारा तिला सोसत नाही.
आपण ज्यावर जगतो, त्यानं ती मरते.

समोरच्या दारात निंगव्वाची म्हैस
जबडा फिरवत बसलेली, निवांत.
दोन वर्षं गटारीवरून बोलणं नव्हतं त्या घराशी.
मी गेलो. लुमाण्णा बोळातच थांबला.
‘मेलकु?’ निंगव्वानं विचारलं.
‘व्हय, रवंथ. थोडा उसना.’
तिनं चहाचा थर्मास काढून दिला.

नळीतून आलं हिरवं, ऊन,
आंबलेल्या गवताच्या वासाचं.
‘काठोकाठ भरा, मधे हवा नको.’
‘तुंबा?’
तिच्याकडं तुंबा म्हणजे पुष्कळ.
आमच्याकडं तुंबते ती गटार.
लुमाण्णा तेवढ्यातही हसला, बोळातनं.

झाकण घट्ट लावून मी पळालो.
सतरा पावलं असतील.
एवढं जपून मी कधी पोरालासुद्धा उचललं नव्हतं.

रात्री तीनला कुशीत एक दगड सरकला.
मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.

थर्मास लुमाण्णानं राखेनं तीनदा घासला,
नेऊन उंबऱ्यावर ठेवला.
निंगव्वानं वास घेतला आणि परत ढकलला:
‘तूच ठेव. ह्यात आता चहा कोण पिणार?’