सतरावी खेळी

वानाझोरच्या वसतिगृहात हीटर बंद.
ह्रिप्सिमे कोट घालूनच बसलीय,
मांडीवर लॅपटॉप, तेवढीच ऊब.
इंजिन म्हणतं, सतराव्या खेळीला घोडा मागे घे:
शून्य पूर्णांक शून्य, सगळं समसमान.
का, ते सांगत नाही.

शेजारी कारो-कानचं जुनं रशियन पुस्तक,
पाठीला चिकटपट्टी.
नेमक्या त्याच डावापाशी, समासात, पेन्सिलीनं
आर्ताशेस मास्तरांचं तिरकं अक्षर:
‘घोडा मागे घेतला नि हरलो. उंट हलवायला हवा होता.’

ती दोन्ही पाठ करते.
तीन वाजतात.

सकाळी समोरचा म्हातारा
पहिल्याच खेळीला
अगदी कडेचं प्यादं एक घर सरकवतो,
घड्याळ दाबतो
आणि खोकत चहाला जातो.

ह्रिप्सिमे बोटांवर फुंकर घालते.
इथून पुढे
नुसता समास.